बीटलचे साडेचौदा इंच

छप्पर नसलेली, फुगीर मागच्या चाकांची, वटारलेल्या डोळ्यांसारखे दोन दिवे मिरवणारी आणि समुद्रकाठच्या वाळूत उड्या घेत धावणारी छोटी गाडी आपण सर्वांनी कोठे ना कोठे पाहिलेली असते. जुन्या हॉलिवुडपटात, खेळण्यांच्या दुकानात, नाहीतर एखाद्या पर्यटनाच्या जाहिरातीत. तिला ड्यून बग्गी म्हणतात. तिच्या जन्माची प्रचलित कथा अशी : ब्रूस मेयर्स नावाच्या एका अमेरिकन माणसाने जुनी फोक्सवॅगन बीटल घेतली, तिची चॅसी कापून आखूड केली, वर फायबरग्लासचे कवच बसवले, आणि बग्गी तयार झाली.

कथा सुटसुटीत आहे, म्हणूनच टिकली. परंतु तिच्यातला क्रम चुकीचा आहे. मेयर्सच्या पहिल्या गाडीची चॅसी कापलेली नव्हती, कारण त्या गाडीला बीटलची चॅसीच नव्हती. कापाकापी नंतर आली, आणि ती आली खर्चाच्या हिशेबातून. त्या एका तडजोडीने बग्गी घरोघरच्या गॅरेजात पोहोचली, आणि माझ्या मते त्याच तडजोडीने ती तिच्या निर्मात्याच्या हातून निसटली. आजचा धागा त्या साडेचौदा इंचांविषयी.

मित्रहो, आधी बीटलची रचना समजून घेऊ, कारण ती नीट कळली नाही तर पुढचे काहीच कळणार नाही. फर्डिनांड पोर्शे यांनी १९३० च्या दशकात जर्मनीत आखलेल्या या गाडीचा तळ हा एक स्वतंत्र, स्वतःच्या पायांवर उभा राहणारा भाग होता. मधोमध पोलादी पत्र्याचा एक पोकळ कणा, त्याला कारागीर बोगदा म्हणत, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना पत्र्याची सपाट जमीन. कण्याच्या पुढच्या टोकाला पुढचा आस बोल्टांनी जोडलेला. मागच्या टोकाला कणा दोन शिंगांसारखा दुभंगतो, आणि त्या दुबेळक्यात गिअरबॉक्स व त्यामागे हवेने थंड होणारे चार सिलिंडरांचे इंजिन. चाकांना झेप देणाऱ्या टॉर्शन बारही, म्हणजे पिळाच्या जोरावर स्प्रिंगचे काम करणाऱ्या पोलादी दांड्याही, या तळालाच बसवलेल्या. वरची गोलसर बॉडी म्हणजे केवळ बोल्टांनी आवळलेले झाकण. बोल्ट काढा, चार माणसे लावून झाकण उचला, आणि खाली उरते ते इंजिन, चाके, स्टिअरिंग व ब्रेक यांसह चालू शकणारे वाहन.

हा गुण प्रथम हेरला तो युद्धखात्याने. दुसऱ्या महायुद्धात याच तळावर क्युबेलवॅगन नावाची सैनिकी गाडी उभी राहिली आणि तिच्या सुमारे ५० हजार प्रती निघाल्या. तिला चारही चाकांची ताकद नव्हती, फक्त मागच्या दोन चाकांची होती. तरीही उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात ती तग धरू शकली. गाडी हलकी, आणि इंजिनाचे वजन नेमके ओढणाऱ्या चाकांवर. वाळूत रुतू नये यासाठी याहून अधिक काय हवे? पुढे जे कॅलिफोर्नियात घडले त्याचे शास्त्र असे आधीच सिद्ध झालेले होते. मात्र ते सिद्ध करणारे सैन्य अमेरिकेच्या शत्रूचे होते.

आता त्या अमेरिकन माणसाकडे वळू. ब्रूस मेयर्स यांचा जन्म १९२६ चा, लॉस एंजेलिसचा. महायुद्धात ते नौदलात होते, ‘बंकर हिल’ या विमानवाहू जहाजावर. ११ मे १९४५ रोजी ओकिनावाजवळ दोन जपानी आत्मघातकी विमाने काही क्षणांच्या अंतराने या जहाजावर आदळली. साडेतीनशेहून अधिक माणसे दगावली. एकोणीस वर्षांच्या मेयर्सना समुद्रात उडी घ्यावी लागली. युद्धानंतर त्यांनी चित्रकलेचे शिक्षण घेतले, आणि पोटापाण्यासाठी फायबरग्लासच्या शिडाच्या होड्या बांधणाऱ्या कारखान्यात काम धरले.

चित्रकार आणि होडीबांधणी करणारा, या दोन गोष्टी लक्षात ठेवाव्या. त्या काळी कॅलिफोर्नियात पिस्मो बीचच्या वाळूच्या टेकड्यांवर हौशी मंडळी सुट्टीच्या दिवशी गाड्या घेऊन जमत. बहुतेक गाड्या म्हणजे मोठ्या अमेरिकन मोटारींचे सोललेले सांगाडे, त्यांत अवजड व्ही-८ इंजिने. त्या टेकड्या चढत, पण केवळ दांडगाईच्या जोरावर. काहींनी बीटलचे सुटे भाग वापरून हलक्या गाड्या केल्या होत्या; त्या चपळ होत्या, पण दिसायला ओबडधोबड. मेयर्सना होडीवाल्याच्या नजरेने दिसले ते असे : फायबरग्लासचा पत्रा सपाट ठेवला तर लवतो, त्याला वळण दिले की ताठ होतो. होडीला आतून सांगाडा लागत नाही, तिची वळणेच तिचा सांगाडा असतात. मग गाडीलाही सांगाडा कशासाठी?

न्यूपोर्ट बीच येथील गॅरेजात १९६३-६४ मध्ये त्यांनी ही गाडी घडवली. लाल रंगाचे एकसंध कवच, त्यात पोलादाचे आधार घातलेले, आणि बीटलचे इंजिन, गिअरबॉक्स व पुढचा आस थेट त्या कवचाला जोडलेले. खाली बीटलचा तळ नाही. ही गाडी पुढे ‘ओल्ड रेड’ म्हणून ओळखली गेली. आइल ऑफ मॅन या बेटावरच्या शेपूट नसलेल्या मांजरांवरून मेयर्सनी आपल्या बग्गीला ‘मँक्स’ हे नाव दिले. आखूड बुड असलेल्या त्या गाडीकडे पाहिले की नाव पटते.

ओल्ड रेडसारखी गाडी लोकांना हवी होती, पण तिचे कवच बनवणे फार मेहनतीचे आणि महागाचे होते. सगळा भार कवचावर, म्हणून प्रत्येक आधार, प्रत्येक जोड नेमका हवा. अशी सुमारे बारा कवचे निघाली आणि हिशेब जुळेना. मेयर्सनी रचना बदलली. भार पेलण्याचे काम त्यांनी बीटलच्या तळाकडे परत सोपवले आणि कवच साधे, हलके, स्वस्त केले. अडचण एकच होती. बीटलचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या व मागच्या आसांमधील अंतर, २४०० मिलिमीटर, साधारण साडेचौऱ्याण्णव इंच होते. मँक्सचे रूप आणि तिची चपळाई उभी होती ८० इंचांच्या आसपास. मधले साडेचौदा इंच जाणे भाग होते, आणि ते घालवण्याचे काम आता गिऱ्हाइकाकडे आले.

येथे थोडे थांबले पाहिजे. एखादा कारखाना आपल्या गिऱ्हाइकाला सांगतो आहे की घरी जा, एक जुनी बीटल मिळवा, तिचा कणा तोडा आणि पुन्हा जोडा. आजच्या काळात कोणत्याही कंपनीचा वकील हे वाक्य छापू देणार नाही. पण १९६० च्या दशकातल्या कॅलिफोर्नियात ते चालून गेले, कारण तेथे युद्धावरून परतलेली, वेल्डिंग शिकलेली, जुन्या मोटारी उघडून बसणारी एक संपूर्ण पिढी होती. अमेरिकेत बीटल लाखांनी खपत होत्या, त्यामुळे अपघातात बॉडी चेपलेल्या पण तळ शाबूत असलेल्या बीटलही भंगारात भरपूर होत्या.

काम कसे चाले? बॉडी उतरवली की तळ समपातळीत टेकूंवर ठेवायचा. पेट्रोलची टाकी पुढे, इंजिन मागे, आणि दोहोंना जोडणारी पेट्रोलची नळी कण्याच्या आतून जाते. म्हणून पहिले काम ती नळी व टाकी रिकामी करून वाफ पूर्ण निघून जाऊ देण्याचे. हे विसरून ज्याने गॅस कटर पेटवला, त्याची बग्गी तेथेच संपली. मग मागच्या प्रवाशांचे पाय जेथे येतात तो जमिनीचा पट्टा आखायचा. तो कापून टाकायचा आणि मागचा भाग पुढे सरकवून जोडायचा. ऐकायला हे ‘एक घाव दोन तुकडे’ इतके सोपे वाटते.

पण कणा पोकळ आहे, आणि त्या पोकळीत गाडीच्या सर्व शिरा आहेत. गिअर बदलणारी लांब दांडी, क्लच आणि ॲक्सिलरेटरच्या केबलींच्या बारीक नळ्या, हातब्रेकच्या दोन केबली, पेट्रोलची नळी, आणि हीटरच्या केबली. हीटरचे काय करायचे हा प्रश्न चटकन सुटे, छप्परच नसलेल्या गाडीत ऊब साठवायची कोठे? बाकीच्यांची मात्र गय नव्हती. कापताना नळ्या चेपल्या किंवा जोडताना त्यांची तोंडे एकमेकांसमोर आली नाहीत, तर आतली केबल घासून कधीतरी तुटणार, आणि ती तुटणार टेकडीच्या ऐन चढावर. गिअरची दांडीही तितकीच आखूड करून पुन्हा जोडायची; जोडताना ती किंचित जरी पिळली गेली, तरी पहिला गिअर टाकायला जावे आणि हाती भलताच गिअर यावा. सगळ्या केबली आता लांब झालेल्या, म्हणून त्याही आखूड करायच्या किंवा त्या मापाच्या नव्या घ्यायच्या. मागच्या चाकांकडे जाणारी ब्रेकची पोलादी नळीही नव्या लांबीची.

खरी परीक्षा जोडताना होई. दोन्ही तुकडे गुण्यात आहेत की नाहीत हे पाहण्यासाठी पुढच्या आसाच्या टोकापासून मागच्या टॉर्शन नळीच्या विरुद्ध टोकापर्यंतचे दोन्ही कर्ण मोजायचे. ते समान भरले पाहिजेत. मग आधी केवळ टाके मारायचे, एक डावीकडे, एक उजवीकडे, कारण तापलेले पोलाद थंड होताना आपल्याकडे ओढून घेते आणि एकाच बाजूने वेल्डिंग करत गेले की तळ वाकतो. पुन्हा कर्ण मोजायचे. जाणकार मंडळी कण्यावरचा आणि जमिनीवरचा सांधा एका रेषेत येऊ देत नसत आणि सांध्यावरून पोलादी पट्टी मारीत. जो हे करत नसे, त्याची गाडी खेकड्यासारखी तिरकी चाले, किंवा सांध्यावर भेग पडे. दोन रंगीबेरंगी आसने आणि चकचकीत कवच यांखाली नेमके काय आहे हे विकत घेणाऱ्याला बाहेरून दिसत नसे. जुनी बग्गी घेताना आजही जाणता माणूस आधी गाडीखाली आडवा होतो, ते याचसाठी.

इतका खटाटोप करून मिळत काय होते? थोडे गणित करू. गाडी वाळूच्या माथ्यावरून पलीकडे जाताना दोन आसांच्या मधोमध तिचे पोट टेकते की नाही, हे व्हीलबेस आणि पोटाखालची उंची यांवर ठरते. समजा पोटाखाली २० सेंटिमीटर मोकळे आहेत. मूळ २४० सेंटिमीटरच्या व्हीलबेसवर गाडी सुमारे १९ अंशांचा उंचवटा पोट न टेकता ओलांडते. २०३ सेंटिमीटरवर सुमारे २२ अंशांचा. चाकांची जाडी येथे सोडून दिली आहे, पण मुद्दा समजतो. शिवाय वळण लहान होते, आणि वजनाचा आणखी मोठा वाटा मागच्या चाकांवर येतो, जो वाळूत हवाच असतो. किंमतही मोजावी लागते. पुढची चाके हलकी होतात, आणि ओल्या डांबरी रस्त्यावर मागचा भाग झटकन फिरू शकतो. जी गाडी वाळूत मांजर असते, तीच पावसाळी रस्त्यावर अवखळ वासरू होते.

कीर्ती आणली ती एका रस्त्याने, किंवा खरे तर रस्त्याच्या अभावाने. मेक्सिकोचा बाहा कॅलिफोर्निया हा चिंचोळा द्वीपकल्प उत्तरेच्या तिहुआनापासून दक्षिणेकडे ला पाझच्याही पुढे पसरला आहे. त्याची लांबी जोडणारा महामार्ग १९७३ साली पूर्ण झाला. तोवर बरीचशी वाट म्हणजे खडक, धूळ आणि कोरडे ओढे. १९६२ साली डेव्ह इकिन्स या मोटारसायकलस्वाराने होंडावरून हे अंतर ३९ तास ५६ मिनिटांत तोडले होते. दोन टोकांच्या तारकचेऱ्यांतील वेळेची नोंद हाच पुरावा. एप्रिल १९६७ मध्ये मेयर्स आणि टेड मँगल्स यांनी ओल्ड रेडमध्ये पेट्रोलचे जादा डबे भरले आणि ला पाझहून उत्तरेकडे निघाले. ३४ तास ४५ मिनिटे. दोन चाकांचा विक्रम चार चाकांनी पाच तासांहून अधिक फरकाने मोडला. त्याच वर्षी ३१ ऑक्टोबरला याच मार्गावर ‘मेक्सिकन १०००’ ही पहिली शर्यत सुटली, आणि ती मँगल्स व विक विल्सन या जोडीने मँक्समधूनच २७ तास ३८ मिनिटांत जिंकली. पुढे जगप्रसिद्ध झालेल्या बाहा शर्यतींची मुळे येथे आहेत.

विक्रम केला तो ओल्ड रेडने, म्हणजे तळ नसलेल्या, न कापलेल्या गाडीने. मागणी वाढली ती मात्र कापलेल्या तळावर बसणाऱ्या कवचांना. मोटारींच्या मासिकांच्या मुखपृष्ठांवर मँक्स आधीच झळकली होती. १९६८ च्या ‘द थॉमस क्राउन अफेअर’मध्ये स्टीव्ह मॅक्क्वीनने ती किनाऱ्यावर उधळली, त्याच वर्षी एल्व्हिस प्रेस्लीच्या चित्रपटातही ती दिसली.

आणि मग नकला सुरू झाल्या. साध्या कवचाची नकल करणे किती सोपे होते पाहा : एक मँक्सचे कवच विकत घ्या, त्याला मेण चोळा, त्यावर फायबरग्लासचे थर द्या, वाळल्यावर उचला. साचा तयार. पंधरवड्यात तुम्हीही बग्गीचे कारखानदार. कवचाखाली लागणारे सगळे यंत्र फोक्सवॅगनचे, ते सर्वांना सारखेच खुले, आणि चॅसी कापण्याची रीत तर एव्हाना गॅरेजागॅरेजात माहीत झालेली. मेयर्सकडे आपल्या रचनेचे पेटंट होते. त्यांनी नक्कल करणाऱ्यांविरुद्ध न्यायालयात धाव घेतली आणि ते हरले. न्यायालयाने ही निर्मिती पेटंटयोग्य नसल्याचा निवाडा देऊन पेटंटच रद्द केले. १९७१ साली त्यांची कंपनी बंद पडली. तोवर सुमारे सहा हजार अस्सल मँक्स निघाल्या होत्या. जगभरातील नकलांचा अंदाज अडीच लाखांच्या घरात सांगितला जातो.

या निकालाला पुष्कळ जण अन्याय म्हणतात, आणि माणूस म्हणून मलाही मेयर्सविषयी तसेच वाटते. एका चित्रकाराने रेखाटलेले वळण शेकडो जणांनी उचलले आणि त्याला त्याचा मोबदला मिळाला नाही. परंतु इतिहासाच्या अंगाने पाहताना मला वाटते की या लढाईचे पारडे न्यायालयात जाण्याआधीच झुकलेले होते. ओल्ड रेडचे कवच चोरायचे तर चोराला होडी बांधता यायला हवी होती, भार कोठून कोठे जातो हे कळायला हवे होते. कापलेल्या बीटलवरचे कवच चोरायला मेणाचा डबा पुरेसा होता. मेयर्सनी अवघड अर्धे काम फोक्सवॅगनच्या तळाला आणि गिऱ्हाइकाच्या वेल्डिंगला देऊन टाकले, म्हणूनच मँक्स हजारोंना परवडली. आणि म्हणूनच तिचा मालक कोण हा प्रश्न तितका अवघड उरला नाही. ते न करते तर? कदाचित बारा गाड्या निघाल्या असत्या, आणि हा धागा लिहायला कोणी बसले नसते.

नकलांनी बग्गीला जगभर नेले. जर्मनीत खुद्द कारमान या नामवंत बॉडी कारखान्याने बग्गीची कवचे काढली. ब्राझीलमध्ये बीटलचे उत्पादन तेथेच होत असल्याने ईशान्येच्या वाळूच्या किनाऱ्यांवर बग्गी ही पर्यटनाची रोजची सवारीच बनली. इंग्लंडमध्येही ती पावसात भिजत रुजली. काही कारखान्यांनी तर न कापलेल्या तळावर बसणारी लांब कवचे काढली, कारण कापण्याची धास्ती वाटणारी गिऱ्हाइके थोडी नव्हती.

मेयर्स यांनी बराच काळ बग्गीकडे पाठ फिरवली होती. पुढे जुन्या मँक्सचे चाहते संघटित झाले, आणि २००० साली त्यांनी आपली कंपनी पुन्हा उभी केली. त्यानंतर त्यांनी ‘मँक्स्टर’ नावाची चार आसनांची नवी बग्गी आणली. तिच्यासाठी बीटलची चॅसी कापावी लागत नाही. ती पूर्ण लांबीच्या तळावर जशीच्या तशी बसते.

१९ फेब्रुवारी २०२१ रोजी ९४ व्या वर्षी ते वारले. त्याआधी, २०१४ साली, अमेरिकेच्या राष्ट्रीय ऐतिहासिक वाहन नोंदवहीत दुसऱ्या क्रमांकावर ओल्ड रेडची नोंद झाली आणि तिचे दस्तऐवज वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये ठेवण्यासाठी तयार करण्यात आले. त्या नोंदीतल्या लाल गाडीखाली वाकून पाहिले तर वेल्डिंगचा सांधा दिसणार नाही. ती आहे तशीच आहे, एका होडीवाल्याने बांधलेली.